तीन हातांवरून

आमच्या घरी भाकऱ्या दोघी जणी करायच्या, माझी आई आणि माझी थोरली चुलती. दुरडीतली कुठली भाकरी कोणाची, हे मला एका नजरेत कळायचं. आईची पातळ असायची, कड गुळगुळीत, कारण ती शेवटपर्यंत तळहातानेच फिरवायची. चुलतीची थोडी जाड, आणि कडेला सगळीकडून बोटांचे बारीक खळगे, कारण शेवटचा फेर ती बोटांनी दाबून द्यायची. थापण्याचा आवाजही वेगळा. आईचा हलका आणि भरभर. चुलतीचा सावकाश आणि दणकट, ओसरीवर लवंडलेल्या माणसाला उठवणारा. आम्ही मुलं तिला मोठ्याई म्हणायचो. तिचे यजमान, म्हणजे माझे थोरले काका, सोलापूरला गिरणीत होते आणि तिकडेच त्यांचा दुसरा संसार झाला होता. घरात हे कोणी बोलत नसे. मोठ्याईला मूलबाळ नव्हतं, माहेरी कोणी उरलं नव्हतं. आमच्या घरात तिचं स्वतःचं म्हणावं असं एकच ठिकाण होतं, चुलीपुढचा पाट. थोरली सून म्हणून सकाळची पहिली भाकरी तव्यावर तिची पडायची. काका सोलापूरला गेल्यावरही तो मान तिच्याकडून कोणी काढून घेतला नव्हता. तो काढून घ्यायची वेळ मी आणली, आणि तीही मी घरातली शिकलेली म्हणून. सई, कबीर, तुम्हा नातवंडांना मी माझ्या शिक्षणाच्या गोष्टी पुष्कळ सांगितल्या, पण ही सांगितलेली नाही.

आमची वस्ती डाळजच्या अलीकडे, पुणे-सोलापूर रस्त्यापासून आत. धरणाचं पाणी तेव्हा अजून आलेलं नव्हतं. ज्वारी, थोडा भुईमूग, विहिरीपुरता ऊस. घर बसकं आणि लांबट, एका टोकाला स्वयंपाकघर, दुसऱ्या टोकाला गोठा, मध्ये ओसरी. ओसरीवर माझे आजोबा, तात्या, बसलेले असायचे. तात्या सुनांशी थेट बोलत नसत. तशी पद्धतच होती. आई किंवा मोठ्याई चार पावलांवर, दाराच्या आत उभी असली तरी तात्या मला म्हणायचे, "तुज्या मोठ्याईला सांग, आज आमटी तिखट झालीय." मी दाराकडे तोंड करून तेच वाक्य म्हणायचे. मग मोठ्याई म्हणायची, "त्येनला सांग, दह्याची वाटी ठिवलीय." मी ओसरीकडे तोंड करून तेही म्हणायचे. दोघांनाही एकमेकांचं सगळं ऐकू गेलेलं असायचं. मला त्यात काही वावगं वाटत नसे.

मोठ्याईला आणखी एक काम येत होतं. आसपासच्या वस्त्यांवर कुणाच्या जनावराच्या जखमेत किडे पडले, की तिला बोलावणं यायचं. जनावरांचा दवाखाना लांब, आणि तिथे डॉक्टर भेटेल याची खात्री नाही. मोठ्याई सीताफळाचा पाला वाटून घ्यायची, जखमेत भरायची, थोडा वेळ थांबायची आणि मग एकेक अळी बोटांनी काढायची. चिमट्याने नाही. चिमट्याने ती तुटते, अर्धी आत राहते आणि सडते, असं तिचं म्हणणं. आणि उजव्या हाताने. मी एकदा म्हटलं होतं, "डाव्यानं काढ की." ती म्हणाली, "डाव्याला कुठं काय समजतंय. बारीक काम हाय त्ये." काम झालं की राख लावून हात घासायचे, मग अंगाच्या साबणाने धुवायचे, आणि ती चुलीपुढे येऊन काठवटीत पीठ घ्यायची. त्याच उजव्या हाताने.

लहानपणी मला याचं काही वाटलं नाही. मॅट्रिकच्या वर्षी एकदा गोठ्याच्या दारात उभी होते आणि आत आमच्याच बैलाच्या खांद्यावर तिचं काम चाललं होतं. माझ्यापासून ते तीन हातांवर असेल. जखमेत काहीतरी हलत होतं. एकेक नव्हे, सगळं मिळून, उकळत्या भातासारखं. संध्याकाळी माझ्या ताटात बोटांच्या खळग्यांची भाकरी आली आणि मी ती बाजूला सारली. त्या दिवसापासून मी दुरडीतून गुळगुळीत कडेची भाकरी काढून घ्यायला लागले. वर मोठ्याईची असेल तर खालची उपसायची. आईला ते दोन दिवसांत कळलं. ती स्वतःच्या दोन भाकऱ्या वर ठेवू लागली. मोठ्याईला कळलेलं नाही, असं आम्ही दोघी धरून चाललो होतो.

इथे मला जरा थांबायचं आहे. मागच्या वर्षी तुमची आई तुम्हाला घेऊन आली होती, तेव्हा आपण भिगवणला रोहित पक्षी बघायला गेलो होतो. सई, तू होडीतून दुर्बीण डोळ्याला लावून म्हणालीस की सगळं पाणी गुलाबी दिसतंय. मग होडी काठाला लागली, पाय काळ्या चिखलात गेला, मेलेल्या माशांचा वास आला आणि तू ओढणीने नाक दाबलंस. होडीवाला त्याच काठावर बसून डबा खात होता. पाणी तेच, पक्षी तेच. मी त्या दिवशी तुला काही म्हटलं नाही, कारण मला मी आठवत होते. आमच्या जुन्या मापांत कोस होता, हात होता, वीत होती, बोट होतं. कोसावरचं काही आपल्याला शिवत नाही. वितीवर आलेल्या गोष्टीत हात गुंतलेले असतात, तिथे नाक मुरडायला सवड नसते. किळस राहते ती मधल्या जागेत, दारात उभं राहून बघणाऱ्याजवळ. हे मला आज सुचतंय. तेव्हा मी फक्त दारात उभी होते.

मॅट्रिक झाल्यावर मला बारामतीला कॉलेजात घातलं. मामांकडे राहायचं, शनिवारी दुपारच्या एसटीने घरी. आमच्या घरातली कॉलेजात गेलेली मी पहिली, आणि शास्त्र शाखा, सगळं इंग्रजीत. तात्यांना त्याचा फार अभिमान होता. आल्यागेल्याला सांगायचे, "आमची शालन येवढ्या मोठ्या भिंगातनं बघती." खरं म्हणजे पहिले चार महिने आम्हाला सूक्ष्मदर्शक नुसता पुसायला देत होते. मग एका दिवशी दह्याचा थेंब काचेवर पसरून, निळा रंग देऊन दाखवला. दांड्यांसारखे, मण्यांसारखे जीव, एका थेंबात मोजता न येणारे. मी घरी आले ती तेच घेऊन.

त्या शनिवारी तात्या ओसरीवर जेवत होते, आई वाढत होती, मोठ्याई चुलीपुढे होती. मी बोलायला लागले. डोळ्यांना न दिसणारे जंतू कसे असतात, राखेने ते कसे जात नाहीत, नखांत कसे बसतात. तात्या घास हातात धरून ऐकत होते. मला थांबता आलं असतं. मी म्हटलं, "पुस्तकात स्पष्ट लिहिलंय, जखमांत हात घालणाऱ्या माणसानं स्वयंपाक करू नये." मी कुणाचं नाव घेतलं नाही. आतला थापण्याचा आवाज थांबला.

तात्यांनी घास खाली ठेवला. म्हणाले, "बुकात हाय?"

"आहे."

"मग तुज्या मोठ्याईला इचार. चूल पायजे का गुरं. दोन्ही न्हाय जमायचं."

मी दाराकडे वळले. मोठ्याई माझ्याकडेच बघत होती, हाताला पीठ. तिने सगळं ऐकलेलं होतं आणि तिने ऐकलंय हे मला माहीत होतं. तरी मी पद्धतीप्रमाणे ते वाक्य तिला सांगितलं. शब्द न चुकता. पुढच्या आयुष्यात मी तीस वर्षं वर्गावर बोलले, पण इतकं नीट पाठ म्हटल्यासारखं बोललेलं मला दुसरं आठवत नाही.

"त्येनला सांग, चूल," मोठ्याई म्हणाली.

तुम्ही म्हणाल, जे सांगितलं त्यात खोटं काय होतं. काही नव्हतं. हात नीट धुवावेत हे मी आजही सांगते आणि तुम्ही ऐकत नाही. पण त्या ज्ञानाच्या आधी दीड वर्ष मी तिची भाकरी बाजूला सारत होते. कारण मला नंतर सापडलं, आणि सापडल्यावर फार बरं वाटलं. याची लाज मला पुढे वाटली. त्या रात्री मी समाधानाने झोपले.

मोठ्याईने शब्द पाळला. लोक यायचे, ती दारातूनच सांगायची, "मी सोडलं त्ये." कुणी विचारलं, का, तर म्हणायची, "वय झालं." ती चाळिशीचीसुद्धा नव्हती. पलीकडच्या वस्तीवरचं एक वासरू थोड्याच दिवसांत गेलं. ते कळलं तेव्हा ती गवार मोडत होती, आणि मोडतच राहिली. चुलीपुढचा पाट तिचाच राहिला, पण आता दुरडीत सगळ्या भाकऱ्या सारख्याच दिसायला लागल्या. कडा गुळगुळीत. तिने बोटं उमटवायची सोडली होती. मी दर शनिवारी दोन भाकऱ्या खाऊन उठायचे, आणि त्यातली कुठली कोणाची हे मला कळत नव्हतं. खाताना काहीही होत नव्हतं, हेसुद्धा माझ्या लक्षात यायला महिना गेला.

कॉलेजात आमच्या प्राणिशास्त्राच्या बाई पुण्याच्या होत्या, कडक आणि नेटक्या. माझ्या वह्या इतक्या नीट का, असं तुमची आई विचारायची ना, तो त्यांचा धाक. त्यांनी एकदा माशीच्या अळीची मागची बाजू भिंगाखाली लावून ठेवली. अळीचं श्वसन तिथून चालतं. दोन गोल चकत्या, प्रत्येकीत तीन नाजूक फटी, कडेला नक्षी. मी ते चित्र टोकदार पेन्सिलीने काढलं, बाईंनी ते वर्गाला दाखवलं. मामीने विचारलं, आज काय केलंस, तर मी कौतुकाने वर्णन सांगितलं आणि तिने जेवता जेवता मला गप्प केलं. तेव्हा पहिल्यांदा मनात आलं, की हेच ते. मोठ्याई जे बोटाने उचलायची तेच मी दोन तास डोळ्याला लावून बसले होते, आणि मला ते सुंदर वाटलं होतं.

पुढच्या आठवड्यात बाईंनी सांगितलं, प्रत्येकीने आपल्याच दाढेमागचं काडीने खरवडून काचेवर घ्या. मी दोन वेळा दात घासणारी मुलगी. भिंगात बघितलं तर दह्याचा थेंब परवडला. नागमोडी, टोचत जाणारे, आपटणारे जीव, भिंगातलं सगळं वर्तुळ भरून. बाई माझ्या खांद्यावरून वाकून बघून म्हणाल्या, "छान आलंय. आणि ही वर्गातली सर्वांत स्वच्छ मुलगी आहे." सगळ्या हसल्या, मीही हसले. डोळा भिंगाला होता तोपर्यंत मौज वाटत होती. डोळा काढला आणि जीभ दातांना लागली, तेव्हा मला थुंकावंसं वाटलं. पण आपल्याच तोंडापासून तीन हात लांब कसं व्हायचं? थोड्या वेळाने मी नेहमीसारखा मामीचा डबा उघडला आणि जेवले.

त्या शनिवारी घरी पोचले तर अंगणात नामदेव आण्णा गाय घेऊन उभे. शेजारच्या वस्तीवरचे, माझ्या वडिलांच्या बरोबरीचे. गाईचं शिंग मोडलं होतं आणि मुळाशी किडे पडले होते. डोकं एका बाजूला कलतं करून ती उभी होती. तात्या शेताकडे गेलेले. मोठ्याई दाराच्या चौकटीत.

"वैनी, येक डाव बघा," आण्णा म्हणत होते. "दूध आटलं, वैरण खाईना. किडं मेंदूत गेलं तर संपलीच."

"मी सोडलंय, आण्णा. शब्द दिलाय."

"कुणाला?"

मोठ्याईने माझ्याकडे बघितलं नाही. तेच मला जास्त लागलं. मी पिशवी खाली ठेवली आणि म्हटलं, "मी करते. तू सांग."

"तू?" ती म्हणाली. "भिंगात बघून का?"

"तू तिथं उभी राहा. हात लावू नकोस. नुसतं सांग."

सीताफळाचा पाला तिने वाटला. वाटायला बंदी नव्हती. आण्णांनी गाय गोठ्यात नेऊन बसवली आणि मी तिच्या डोक्याशी बसले. पहिल्यांदा वास आला, डोळ्यांत पाणी आलं, आणि मी मान वळवली. मोठ्याई गोठ्याच्या दारात, तीन हातांवर. तिथून तिला माझ्या खांद्यावरून गाईचं डोकं दिसत असणार.

"लांबनं बघू नगं, त्येनं वकारी येती," ती म्हणाली. "फुडं हो. आजून. नाक लागंस्तवर जा."

मी वितीवर गेले. आणि तिथे ते उकळणारं एकजीव काही उरलंच नाही. एक अळी होती, तिच्याशेजारी दुसरी, तिच्यामागे तिसरी. प्रत्येकीचं टोक वर, त्यावर दोन काळे ठिपके.

"काळं टिपकं दिसत्यात न्हवं? त्येंचं डोळं त्ये. वर बघत बसत्यात. तितनं धर."

"डोळे नाहीत ते, मोठ्याई. नाकं आहेत. मागच्या बाजूला असतात. तोंड खाली खुपसून बसतात आणि मागून श्वास घेतात."

ती म्हणाली, "म्हंजी पाल्यानं त्येंचा जीव गुदमारतो, म्हनून वर येत्यात."

"हो."

"आन मला वाटायचं, डोळ्यांत झोंबतंय." मग आण्णांकडे बघून म्हणाली, "बगा आण्णा, बुडाकडनं श्वास. आपल्या गावात बी हायत तसली दोन-चार."

आण्णा हसले, गाय हलली, आणि मोठ्याई मला म्हणाली, "हसू नगं, तुटंल. दाबू नगं. भाकरी उलटताना कड धरतो तशी हलकी धर." आणि त्याच सुरात पुढे, "कडा तर तुला वळखू येत्यातच की. दीड वरीस दुरडीतनं हुडकून हुडकून घेत हुतीस. मला काय दिसत न्हाय व्हय?"

मी मान न वळवता पुढची अळी धरली. तिचे डोळे गाईवर असावेत. "ती डावीकडची ऱ्हायली," ती म्हणाली.

पानावर मी छप्पन्न अळ्या मांडल्या. शेवटी शेवटी बोटं आपोआप जात होती. हाताला जखमेची ऊब लागत होती आणि गाईने डोकं माझ्या मांडीवर टेकलं होतं. मग मी हात धुतले. राख, साबण, पुन्हा साबण, नखांत काडी. घरात गेले आणि म्हटलं, "मोठ्याई, सर. आजच्या भाकऱ्या मी करते."

तिला लगेच कळलं, मी काय करायला निघालेय ते. "नगं," ती म्हणाली. "हाय आसंच ऱ्हाऊदे. गप बस." आई म्हणाली, "शाले, उगं वाढवू नगंस." पण मी पाटावर बसले होते. पाट सोडून उभं राहिलेली मोठ्याई मी त्या दिवशी पहिल्यांदा बघितली. हात कुठे ठेवावेत हे तिला कळत नव्हतं.

तात्या आले, हातपाय धुऊन ताटावर बसले. मी माझी भाकरी त्यांच्या ताटात ठेवली. एका बाजूला जाड, दुसरीकडे चिरलेली. म्हटलं, "तात्या, नामदेव आण्णांच्या गाईच्या शिंगातले किडे मी काढले. या हातानं. मग हात धुतले आणि ही भाकरी केली. खायची की नाही, तुम्ही ठरवा."

त्यांनी माझ्या हाताकडे बघितलं. "तुला कुनी सांगितलं हात घालायला?"

"तुम्ही मोठ्याईला बंदी केली होती. मला नव्हती केली."

"बुकात लिवलंय म्हनली हुतीस."

"लिहिलंय. माझ्या दातांत काय असतं तेही लिहिलंय, ते सांगितलं नव्हतं. हात धुवावेत, एवढं खरं. बाकीचं मी माझ्या पदरचं घातलं होतं."

तात्या भाकरीकडे बघत राहिले. नातीला शिकवल्याचा त्यांचा अभिमान एका पारड्यात होता आणि दिलेला हुकूम दुसऱ्यात. त्यांनी दोन्हीकडे बघून घेतलं असावं. दूर कुठेतरी रस्त्यावरच्या ट्रकचा आवाज येत होता. आई दाराआड पदर धरून उभी होती. शेवटी त्यांनी भाकरी मोडली, आमटीत बुडवली आणि खाल्ली. दुसरा घासही खाल्ला. तिसऱ्याला थांबले.

"तुज्या मोठ्याईला सांग," ते म्हणाले, "नामाच्या गाईला उद्या परत बघावं लागंल. तितं तीच जाईल. आन चुलीवर बी तीच बसंल. तुजी भाकरी खाऊन दात ऱ्हायाचं न्हायत."

मी निरोप सांगायला वळले.

"ऐकलंय," मोठ्याई म्हणाली. "ऊठ आता."

ती पाटावर बसली, काठवट पुढे ओढली. माझा उरलेला गोळा तिने पुन्हा मळला आणि थापायला घेतलं, सावकाश, दणकट, शेवटचा फेर बोटांनी दाबून. भाकरी तव्यावरून निखाऱ्यावर, निखाऱ्यावर फुगली, बाहेर आली. तिने ती दुरडीत टाकली नाही. तशीच, वाफेसकट, माझ्यापुढे धरली. मी ताट शोधायला इकडेतिकडे बघितलं, तर ती म्हणाली, "हातात घे." मी दोन्ही हात पुढे केले. तळहात पोळत होते, पण ती बघत होती तोपर्यंत मी भाकरी खाली ठेवली नाही, आणि ती बराच वेळ बघत होती.